दार उघडं आहे, हे सांगितल्याबद्दल

बाई, परवा मी आपल्या कॉलेजात जाऊन आलो. सोलापूर रस्त्याला लागताना वाटलं होतं, काम तासाभराचं आहे, उरकून दुपारच्या जेवणाला घरी येऊ. आलो तो असा तोंड पाडून की बायकोने दारातच विचारलं, कोणी गेलं का? तिला काय सांगावं ते मला सुचेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण जे पाहिलं ते ऐकून ज्याला माझ्याइतकाच धक्का बसेल असं दुसरं माणूस मला आठवत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

तुमच्या हाताखालून कितीतरी मुलं गेली, तेव्हा आधी ओळख देतो. दुसऱ्या वर्षाला असताना ज्याला कॉलेजातून पोलीस चौकीत नेलं, तो मी. तसा एकच होता, त्यामुळे आठवायला अडचण पडू नये.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा आम्ही तुम्हाला मॅडम म्हणायचो, सगळ्यांनाच म्हणतात तसं. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, "मॅडम बाहेर. वर्गात बाई म्हणायचं. तेवढं मराठी उरू दे." नारायण पेठेतून निघून, स्वारगेटला बस पकडून तुम्ही रोज लोणी काळभोरला यायचात आणि बस कितीही उशिरा आली तरी आमच्या आधी लॅबच्या दाराशी उभ्या असायचात. आम्ही सगळे आसपासच्या गावांतले. घरी ऊस, भाजीपाला, म्हशी. संगणक शिकला की हिंजवडीला नोकरी लागते, एवढंच आमच्या घरच्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. प्राचार्यांनी तुम्हाला कॉपी केलेली एक सीडी देऊन सांगितलं होतं की ही सगळ्या संगणकांवर टाकून द्या, काम भागेल. तुम्ही ती परत केलीत. त्याऐवजी फुकट आणि रीतसर मिळणारी प्रणाली तुम्ही स्वतः बसून प्रत्येक संगणकावर घातलीत. आम्ही कुरकुर करायचो. बाहेर सगळं जग वेगळंच वापरतंय आणि आमच्या बाई आम्हाला हे काहीतरी शिकवताहेत, असं आम्ही कँटीनमध्ये बोलायचो. ते तुमच्या कानावर गेलं असणार, कारण एकदा फळ्यावर लिहिता लिहिता, मागे न वळता तुम्ही म्हणालात, "जगाला विचारून सांगा, पैसे कोणी दिले होते."

पहिल्या वर्षाची गुरुपौर्णिमा मला अजून आठवते आणि अजून कानांच्या पाळ्या गरम होतात. गणिताच्या एका महागड्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही वर्गात बोलता बोलता म्हणाल्या होतात, हे कधी मिळालं तर तुम्हाला काय काय दाखवता येईल. मी ते डोक्यात ठेवलं. हडपसरच्या सायबर कॅफेतल्या मित्राकडून ते मिळवलं, सीडीवर उतरवलं, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलं आणि वर झेंडूचं फूल खोचलं. घरचंच होतं. लॅब रिकामी झाल्यावर मी ते तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही उघडलंत. तुमचा चेहरा खुलला, आणि मग लगेच बदलला.

"कुठून आणलंस?"

"मित्राकडून कॉपी केलं, बाई."

"आणि मित्राने?"

"त्यानेही कॉपीच केलं असणार."

"म्हणजे ज्याने लिहिलं त्याच्याकडून कोणीच आणलं नाही."

 मग मी ते म्हणालो जे तेव्हा कोणीही म्हणालं असतं. "बाई, सगळेच करतात."

"ते मला माहीत आहे. तू काय करतोस ते विचारतेय. उद्या तू वर्षभर खपून एखादी वस्तू केलीस आणि लोकांनी ती उचलून एकमेकांना गुरुपौर्णिमेला वाटली, तर घरी जाऊन काय सांगशील?" तुम्ही सीडी माझ्या हातात परत ठेवलीत. फूल मात्र टेबलावर राहू दिलंत. मी बाहेर आलो तो पार हादरून. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या शेतातला ऊस मोडणं, दुसऱ्याच्या खिशात हात घालणं, हे मला घरून माहीत होतं. पण सीडीतून काही उचललं तरी ते जिथलं तिथेच राहतं, मग चोरी कसली, असं माझं आणि आमच्या सगळ्यांचंच पक्कं मत होतं. त्याला कोणी धक्का लावेल असं मला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने अंतर्गत गुणांसाठी एक नवी सोय केली. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याने ती बनवली होती आणि तिचं उद्घाटन नारळ फोडून झालं होतं. लॅबमधल्या संगणकावर आपला क्रमांक घातला की आपले गुण दिसायचे. एका दुपारी मी माझं पान पाहत होतो. वरच्या पट्टीत पत्ता दिसत होता आणि त्या पत्त्याच्या शेवटी माझाच हजेरी क्रमांक होता. सहज म्हणून मी तिथे पुढचा आकडा टाकला. पुढच्या मुलाचं पान उघडलं. त्याहून वाईट म्हणजे त्याच पानावर खाली एक बटण होतं, गुण बदलण्याचं. ते शिक्षकांसाठी असणार, पण तिथे कोणी काही विचारतच नव्हतं. ना परवलीचा शब्द, ना काही. मी बटणाला हात लावला नाही. खात्री करायला आणखी एक-दोन पानं उघडून पाहिली, बंद केली आणि तुमच्याकडे आलो.

तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात, आकडा बदललात आणि तुमच्याच वर्गाचे गुण तुमच्यासमोर उघडे पडले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. बाई, तुमचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल, पण त्या क्षणी तुम्ही एखाद्या मुलीसारख्या दिसलात. "हे तू शोधलंस?" तुम्ही विचारलंत. "स्वतः?" आणि मग, "चल. सरांना दाखवू. परीक्षेच्या आधी सापडलं हे बरं झालं."

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला विचारलं, किती जणांची पानं उघडलीस? दोन-तीन सर, तपासायला. काही बदललंस? नाही सर. ते उठले, म्हणाले, "बसा, चहा घ्या," आणि शेजारच्या खोलीत गेले. शिपायाने चहा आणला. प्राचार्यांच्या खोलीत चहा मिळणारा मी पहिलाच विद्यार्थी असेन. तुम्ही मला हळूच दटावलंत, "बशीत ओतू नकोस, कपाने पी." आपण दोघं त्या चहाला शाबासकी समजत होतो, बाई. कप अजून माझ्या हातात होता तेव्हा दारात दोन पोलीस येऊन उभे राहिले.

मला वाटलं ते दुसऱ्या कशासाठी तरी आले असतील. प्राचार्य त्यांच्या मागून आले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा. कॉलेजची सिस्टीम हॅक केली याने. स्वतःच कबूल केलंय." तो शब्द मी माझ्याबद्दल तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तुम्ही उभ्या राहिलात. तुमच्या हातातून बशी निसटली आणि फुटली, आणि तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत.

"सर, तो सांगायला आलाय."

"मॅडम, आत शिरल्याशिवाय कळलं कसं त्याला?"

टेबलावर त्या दिवशीचा पेपर होता. तुम्ही तो उचललात. पहिल्या पानावर खाली पुण्यातल्या एका मुलाचा फोटो होता, हातात पुष्पगुच्छ, शेजारी नगरसेवक. त्याने कुठल्याशा परदेशी संकेतस्थळात शिरून तिथे आपला झेंडा लावला होता, आणि सगळं शहर त्याचं कौतुक करत होतं. "हे काय आहे मग?" तुम्ही विचारलंत.

"तो वेगळा विषय आहे. त्याने देशासाठी केलं."

"दुसऱ्याचं कुलूप तोडलं की पुष्पगुच्छ, आणि आपलं दार उघडं आहे हे सांगितलं की पोलीस. फारच छान. हे मुलांना शिकवायचं ते कोणत्या तासाला?"

प्राचार्यांनी पोलिसांना खूण केली. मला नेलं. आवारात मुलं उभी होती. त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यावर भीती होती आणि काहींच्या चेहऱ्यावर, मला अजून दिसतं, हेवा होता.

चौकीत फौजदार साहेब टेबलामागे बसलेत. त्यांच्यासमोर संगणक, बाजूला फायली. मी उभा. तुम्ही माझ्या मागोमाग रिक्षा करून आलेल्या, भिंतीकडच्या बाकावर ताठ बसलेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला विचारलं, "तू काय केलंस ते मला कळेल असं सांग."

"सर, दार उघडं होतं. मी सांगायला गेलो."

"लोकांच्या घराचं दार उघडं असलं म्हणून आत जाऊन बघतोस का रे?"

याला काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं, पण आज मला कोणी विचारत नाही. त्यांनी मला जबाब लिहायला कागद दिला. मी लिहीत होतो. तेवढ्यात साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि अगदी सहज, शेजाऱ्याने मिक्सर दुरुस्त करायला सांगावा तसं म्हणाले, "तुला येतंय ना एवढं, तर हे जरा बघ. हा पडदा सारखा काळा होतो आणि कोपऱ्यात काहीतरी येतं. ही प्रत अस्सल नाही म्हणून. पोराच्या मित्राने टाकून दिली होती. तेवढं घालव की."

मी पेन खाली ठेवलं. हात पुढे केला. पोलिसांनी सांगितलं तर कोण नाही म्हणेल?

"हात लावू नकोस."

तुमचा आवाज मोठा नव्हता. पण हवालदारसुद्धा दचकला.

साहेब म्हणाले, "का हो मॅडम?"

"ज्यासाठी त्याला इथे आणलंय ते काम त्याच्याकडून इथेच करून घेणार का? मग ते कोणाच्या नावावर लिहिणार?"

साहेब हसले. त्यांना तो खरंच विनोद वाटला. "अहो मॅडम, हे काय हॅकिंग आहे का? हे तर सगळीकडे चालतं. तुमच्या कॉलेजातसुद्धा असंच असेल, जाऊन बघा."

तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. चौकीत आल्यापासून तुम्ही रागावलेल्या होतात. आता राग गेला आणि त्याच्या जागी काहीतरी दुसरंच आलं. डोळ्यांसमोर अपघात झालेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. त्या माणसाच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच तुम्हाला सोसवलं नसावं. प्राचार्य, साहेब, पेपर वाचणारं गाव, कँटीनमधली आम्ही मुलं, सगळ्यांच्या मनात रेषा एकाच जागी आखलेली होती, आणि तुम्ही एकट्या तिच्या भलत्याच बाजूला उभ्या होतात.

तुम्ही उठून टेबलाजवळ आलात. "मीच सांगितलं होतं त्याला," तुम्ही म्हणालात. "लॅब माझ्या ताब्यात आहे. नवी सोय तपासून बघ, असं मीच सांगितलं होतं."

मी तुमच्याकडे बघतच राहिलो. हजेरीसाठी खोटं कारण सांगणाऱ्या मुलीला महिनाभर वर्गाबाहेर ठेवणाऱ्या तुम्ही, आणि पापणी न हलवता खोटं बोलत होतात.

"लेखी द्याल?"

"द्या कागद."

तुम्ही उभ्याउभ्याच लिहून दिलंत. तोवर आमचे आबा आले. शेतातून तसेच आले होते, पायाला चिखल. माझ्याकडे न बघता त्यांनी थेट तुम्हाला विचारलं, "बाई, पोरानं कुनाचं पैकं काढलं का? आसंल तर सांगा, म्या भरतो."

"नाही. त्याने कोणाचं काही घेतलेलं नाही."

"मग धरलं कशापायी?"

"दार उघडं आहे, असं सांगितलं म्हणून."

आबांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आसं कुठं आस्तंय व्हय?" ते म्हणाले. नंतरही कितीतरी वर्षं ते हेच म्हणायचे. त्यांना ते कधी पटलं नाही. साहेबांनी मला सोडलं. बाहेर आल्यावर आबांनी तुमच्या पाया पडायला वाकायला सुरुवात केली, तर तुम्ही मागे सरलात. "उपकार वगैरे काही नाहीत. आधी त्याला जेवायला घाला." आणि मग माझ्याकडे वळून, "जबाबात 'परवानगी'ला तू दोन्ही वेळा र्‍हस्व दिलंस. गी दीर्घ. घरी जाऊन दहा वेळा लिही." एवढंच. मी रडायच्या बेतात होतो आणि तुम्ही मला शुद्धलेखन सांगितलंत.

कॉलेजने मला पुढे ठेवलं नाही. मी पुण्यातल्या दुसऱ्या कॉलेजातून पदवी घेतली. तुम्हाला लॅबमधून काढून प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं आणि वर्षअखेरीला तुमचा करार वाढवला नाही, हे मला उशिरा कळलं. गावात माझी वेगळीच ख्याती झाली. एक चुलते हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, आमचं लाइटचं बिल तेवढं कमी कर की कांपुटरातनं. कुनाला कळतंय?" पंचायतीतल्या एकाला विरोधकाची टपाल पेटी उघडायची होती, म्हणजे ईमेल. मी नाही म्हटलं की लोक नाराज व्हायचे. चौकीत जाऊन आलो याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. येत असून करत नाही, याचा राग होता.

तुमच्या घरी मी नंतर एकदाच आलो. नारायण पेठेतल्या तुमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत शेजारपाजारची मुलं सतरंजीवर बसून शिकत होती. तुम्ही दार उघडून पहिल्यांदा माझ्या चपलांकडे पाहिलंत. "त्या आधी सरळ लाव." मग चहा केलात. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी खोटं का बोललात?" तुम्ही गाळणी आपटून साफ केलीत आणि म्हणालात, "खोटं कुठे? सांगायला हवंच होतं मी तुला. ती सोय उघडण्याआधी कोणीतरी तपासायला नको? सांगितलं नव्हतं, एवढीच चूक."  पुढे मी बंगलोरला गेलो. तुम्ही गेल्याचं एका वर्गमित्राने फोनवर सांगितलं तेव्हा चार-पाच दिवस होऊन गेले होते.

त्यानंतर जग बदललं, बाई. निदान शब्द तरी बदलले. ज्यासाठी मला चौकीत नेलं त्याच कामाचे आता लोक पैसे देतात. मी पुण्यात परत आलो. कंपन्या मला बोलावतात, आमच्या यंत्रणेत कुठून शिरता येतं ते शोधून सांगा म्हणतात, आणि शोधलं की आभार मानतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामाने दबक्या आवाजात विचारलं होतं, ते हॅकर प्रकरण पुन्हा उपटणार नाही ना? तेच मामा आता समारंभात ओळख करून देतात, "आमचे जावई हॅकर आहेत बरं का!" आणि त्याच दमात विचारतात, त्या नव्या सिनेमाची कॉपी मिळेल का, फुकटातली. त्यांना दोन्ही वाक्यांत काहीच खटकत नाही. मी हसून सोडून द्यायला शिकलो होतो. मला वाटायला लागलं होतं की निदान आपल्या बाबतीत घडलं तसं आता घडत नसेल.

परवा कॉलेजातून फोन आला. नवे प्राचार्य, माझ्याहून लहान, बोलायला अत्यंत गोड. "सर, आपले माजी विद्यार्थी म्हणून आम्हाला आपला अभिमान आहे. छोटंसं काम आहे, तज्ज्ञ म्हणून आपलं मत हवंय." गेलो. जुन्या इमारतीच्या जागी काचेची इमारत. आत शिरल्याशिरल्या भिंतीवर यशस्वी माजी विद्यार्थ्यांचे फोटो, आणि त्यांत माझा. ज्या कॉलेजने मला पदवीपर्यंत ठेवलं नाही त्याच्या भिंतीवर मी हसतो आहे. मी तिथेच थबकलो. पण खरा धक्का पुढे होता.

प्राचार्यांच्या खोलीत एक मुलगी बसली होती, दुसऱ्या वर्षाची. शेजारी तिची आई, पदर हातात गच्च धरलेली. प्राचार्य म्हणाले, "सर, हिने आपल्या प्रवेशाच्या पोर्टलमध्ये अनधिकृत प्रवेश केलाय. निलंबित केलंय. पोलिसांत द्यायचं का, तेवढा प्रश्न आहे. आपण फक्त हे हॅकिंग आहे असं लेखी दिलंत की झालं."

मी विचारलं, काय केलं हिने? त्यांनी संगणक माझ्यापुढे सरकवला. बाई, पत्त्याच्या शेवटी एक आकडा होता. मी तो बदलला. दुसऱ्या कोणाचं पान उघडलं. फोटो, घरचा पत्ता, आधार कार्ड, बँकेचं खातं, सगळं. इतकी वर्षं गेली, इमारत पाडून नवी बांधली, आणि तीच चूक तिथे तशीच होती.  जुनी खोली, ते टेबल डोळ्यांसमोर आलं; चहा येईल म्हणून मी दाराकडे पाहिलं, खरंच पाहिलं.

मुलीला विचारलं, "तू कोणाला सांगितलं होतंस?"

"ऑफिसला मेल केला होता, सर. परत केला. कोणी रिप्लाय नाही केला. मग मी नोटीस बोर्डच्या ग्रुपवर टाकलं की डेटा ओपन आहे, प्लीज फिक्स करा."

"म्हणजे जाहीर बदनामी," प्राचार्य म्हणाले.

मी म्हटलं, हे हॅकिंग नाही. दार तुम्ही उघडं ठेवलंत आणि तिने ते तुम्हाला सांगितलं. मी एवढंच लेखी देईन. आणि मग, राहवलं नाही म्हणून सांगितलं की भिंतीवर ज्याचा फोटो लावलाय त्याला याच कारणासाठी याच कॉलेजने पोलिसांच्या हवाली केलं होतं. मला वाटलं, हे ऐकून त्यांना लाज वाटेल. ते गोड हसले आणि म्हणाले, "सर, आपण स्वतः हॅकर, त्यामुळे आपल्याला तिची बाजू पटणारच." आई मध्येच बोलली. ती माझ्याकडे नाही, मुलीकडे पाहत होती. "पन तू बघितलंस कशाला गं? दिसलं तरी आपल्याला काय करायचं हाय?"

बराच वेळ घासाघीस झाली. पोलिसांची गोष्ट मागे पडली, कारण पोलिसांना माझं मत दाखवावं लागलं असतं. निलंबन मागे घ्यायचं ठरलं, पण मुलीने माफी लिहून द्यायची. मी उसळलो, माफी कशाची? मला वाटलं ती पोरगीही उसळेल. तिने कागद ओढून घेतला आणि भराभरा लिहून सही केली. "सर, मला घरी जायचंय," ती मला म्हणाली, जणू मीच तिला अडवून धरलं होतं.

खाली वाहनतळापाशी मी तिला गाठलं. आई पाण्याची बाटली भरायला गेली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, माझ्या कंपनीत सुट्टीत काम करायला ये. ती बूट घासत उभी होती. "थँक यू, सर. पण एक सांगू? मला परत कुठे असं काही दिसलं ना, तर मी कोणालाच सांगणार नाही. नेव्हर."

बाई, दिवसभरात मला सगळ्यात जास्त हादरवलं ते या वाक्याने. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती शहाणी झाल्यासारखी म्हणाली. दिसणं काही थांबणार नाही तिचं, तसे डोळे आहेत तिला. फक्त आता ती गप्प बसेल, आणि असे गप्प बसलेले किती असतील कुणास ठाऊक.

मग मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. चौकी सांगितली, साहेबांचा संगणक सांगितला, तुम्ही उभ्याउभ्या लिहून दिलेला कागद सांगितला. ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहू लागली. साहेबांच्या संगणकापाशी तर हसलीसुद्धा. "मग त्या तुम्हाला काय म्हणाल्या, सर? बाहेर आल्यावर?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "म्हणाल्या, तू बरोबर केलंस."

"खरंच असं म्हणाल्या?"

"हो."

 मग तिने मान हलवली आणि आईच्या मागे बसस्टॉपकडे गेली. ती येईल की नाही, मला माहीत नाही.

हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. तुमच्या त्या खोल्यांत आता दुसरंच बिऱ्हाड आहे आणि तुमच्या माघारी पत्र घेईल असं कोणी मला ठाऊक नाही. लिहून झालं की हे असंच राहील. पण तुमच्या तोंडी मी शब्द घातले, ते तुम्हाला न सांगता राहणं बरं नव्हे. तुम्ही तसं म्हणाल्या नव्हतात. तेव्हाही नाही, नंतर ओट्याशी उभं राहून चहा घेतानाही नाही. मी वाट पाहिली होती.